सात पानांची फांदी

पाऊस एकदाचा गेला की माझे हात शिवशिवायला लागतात. नवरात्र संपत आलेलं असतं. रहाटणीच्या आमच्या गल्लीत दुपारी ऊन असं पडतं की दोरीवरचा टॉवेल पापडासारखा कडक होतो, आणि संध्याकाळी मात्र कुठूनतरी एक गार झुळूक येऊन दंडाला शिवून जाते. धड उन्हाळा नाही, धड हिवाळा नाही. शाळेत सहामाही परीक्षा चालू असते. पोरं उत्तरपत्रिकेवर माना घालून बसलेली असतात, आणि मी, त्यांची गणिताची बाई, खिडकीबाहेर बघत कुठली फांदी कुठून कापायची याचा मनातल्या मनात विचार करत असते.

हा गुलाबाच्या छाटणीचा मोसम. पावसाळाभर झाड नुसतं वर वर धावलेलं असतं, पानं काळ्या ठिपक्यांनी भरलेली, फुलं नावाला. मग बुंध्याभोवतीची माती उकरायची, मुळं चार दिवस उन्हात उघडी ठेवायची, शेणखत भरायचं आणि फांद्या निम्म्याहून खाली आणायच्या. कापलेल्या टोकांना हळद लावायची. इतकं छळल्याशिवाय गुलाब थंडीत फुलत नाही म्हणतात. मला हे फारसं कधी पटलेलं नाही, पण मी करते. सगळ्यांच्या घरी झाडाचं भलं असंच होतं.

पण हात शिवशिवणं वेगळं आणि जीव थाऱ्यावर नसणं वेगळं. या दिवसांत मी चहा गॅसवर ठेवते आणि विसरते. पेपर तपासायला घेते आणि दोन पेपर झाले की उठून अंगणात जाऊन उभी राहते. मुक्ता, माझी मुलगी, म्हणते, "आई, तू घरातल्या घरात केवढं चालतेस!" तिला काय सांगू? काही वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर आहे, तो दर वर्षी याच सुमाराला घरात येतो आणि मला बसू देत नाही.

आमचं अंगण म्हणजे घरासमोरची आणि बाजूची मिळून एक चिंचोळी पट्टी. तिच्यात मी जे मिळेल ते लावत गेले. शेवंतीत गवती चहा घुसलाय, अबोलीच्या अंगावर गोकर्ण चढलीय, कढीपत्त्याच्या पायाशी सदाफुली आपली आपण उगवते, आणि मधून चालायला चार फरश्या. आला-गेला विचारायचा, "मुद्दाम असं ठेवलंय का साफ करायचं राहिलंय?" मुक्ताने एकदा मोबाइलवर परदेशातली चित्रं दाखवली आणि म्हणाली, "याला कॉटेज गार्डन म्हणतात. लोक पैसे देऊन करून घेतात." तेव्हापासून मी तोंड वर करून सांगायला लागले, की मुद्दाम ठेवलंय.

या सगळ्या गर्दीच्या मधोमध लाल गुलाब. फुलांच्या दुकानातला लांब दांड्याचा, सेलोफेनमध्ये गुंडाळलेला तो नव्हे. हे झुडूप. कमरेच्या वर जाणारं, आडवं पसरणारं, काटे असे की ओढणी सोडवताना देव आठवतो. फुलं बेताची, पण घोसाने, आणि लाल म्हणजे लाल, उन्हाने फिकट न होणारी. वास जवळजवळ नाहीच. चाकणकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ, पाण्याचा टँकर न आलेला आठवडा, मावा, लाल कोळी असली कीड, सगळं पचवून ते उभं. त्याची फांदी मी दापोडीहून आणली होती. रेल्वेलाइनच्या कडेला आमच्या वडिलांची दोन खोल्यांची जागा होती, तिच्या दाराशी हे झाड तेलाच्या डब्यात वाढलं होतं. वडील गेल्यावर जागा सोडताना मी एक फांदी तोडून ओल्या रुमालात गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर धरून आणली. मातीत खोचली, ती जगली. कलम नाही, डोळा भरलेला नाही, काही नाही. नुसती खोचलेली फांदी.

दिलीप, म्हणजे आमचे हे, मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात. आयुष्यभर एकच काम: लाइनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, आणि हा चालेल, हा चालणार नाही, एवढं सांगायचं. घरातही बोलणं साधारण तेवढंच. मी भाजी वाढली की ती चालायची किंवा चालायची नाही. याचं मला कधी फार वाईट वाटलं नाही. कमी बोलणारा नवरा आणि दिवसभर बोलणारी मास्तरीण, जमून जातं.

त्या वर्षी गणपतीनंतर कंपनीने ह्यांची लाइन बंद केली. लाइन गुजरातच्या कारखान्यात हलणार होती. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी जावं, ज्यांना नाही त्यांनी हिशेब घेऊन घरी बसावं, आणि काय ते दिवाळीच्या आधी, वसुबारसेला कंपनीत येऊन सांगावं. तोवर घरी बसा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. माझी नोकरी इथे, मुक्ताचं कॉलेज ताथवड्याला. गेले तर एकटेच जाणार, हे उघड होतं. ह्यांच्या वयाच्या माणसाला इथे दुसरीकडे कोण घेणार, हेही उघड होतं. उघड नव्हतं ते एवढंच, की ह्यांच्या मनात काय आहे.

मी विचारलं. एकदा जेवताना, एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना. "बघू," म्हणाले. दोन्ही वेळा बघू. आणि मी ठरवलं, की आता मी विचारणार नाही. आता ह्यांनी मला विचारायचं. बावीस-तेवीस वर्षांचा संसार, घर घेताना विचारलं नाही, स्कूटर घेताना नाही, निदान घर सोडून जाताना तरी 'तुला काय वाटतं' असं म्हणायचं. त्या महिन्यात मला दुसरं काही नको होतं. जातात का राहतात, यापेक्षाही मला ते विचारतात का नाही याची जास्त हुरहुर लागली होती. ही गोष्ट लोकांना वेडेपणाची वाटेल, पण ज्या बायकांना कधी कुणी विचारलेलं नाही त्यांना वाटणार नाही.

घरी बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. पहिले चार दिवस झोप काढली. मग नळांचे वायसर बदलले, गळत नसलेल्या नळांचेही. मग माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लागले. आणि मग एका दुपारी शाळेतून येऊन फाटक उघडते तर अंगणभर लाल पट्ट्या! कंपनीत अशी पद्धत असते. जे सामान नको वाटतं त्याला लाल टॅग लावून ठेवायचा. कुणी येऊन 'हे माझं आहे' म्हटलं नाही, तर ते बाहेर. ह्यांनी लाल चिकटपट्टी कापून गवती चहाला, गोकर्णीला, सदाफुलीला, अगदी बिचाऱ्या ओव्याच्या रोपालासुद्धा टॅग बांधले होते.

"हे काय आरंभलंय?"

"सॉर्टिंग. पाहिजे ते ठेवायचं, नको ते काढायचं. चालायला जागा नाही तुझ्या बागेत."

"मग नका चालू."

मी सगळे टॅग काढून टाकले. दुसऱ्या दिवशी परत लागलेले. मी काढते, ते लावतात. काही दिवस आमचा संसार या टॅगांवर चालला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मजाही यायला लागली होती. एकदा टॅग सोडवता सोडवता मी म्हटलं, "तुमच्या कंपनीत असाच कुणीही कशालाही लावतो का टॅग?"

"लाइनवर लागलेत की सध्या. सगळ्या मशीनला," हे म्हणाले. "माणसाला लावत नाहीत, एवढंच."

हातातली चिकटपट्टी चुरगाळत मी आत गेले.

खंडेनवमीला दर वर्षी हे कंपनीत जायचे. मशीनला झेंडूची माळ, नारळ, पेढे, आणि येताना ऑइलचा वास लागलेला प्रसाद. त्या वर्षी पूजा करायला मशीनच नव्हतं. मी शाळेच्या पिशव्या आवरत होते, तर ह्यांनी देवघरासमोर पाट मांडला. त्यावर स्वतःचं मोजमापाचं व्हर्निअर ठेवलं, कापडाने पुसून. थोडं थांबले, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझी बागेतली छाटणीची कात्री आणून शेजारी ठेवली. दोघांना हळदकुंकू, दोघांना झेंडू. मी दारात उभी होते. त्या माणसाला मागून धरून रडावंसं मला जेवढं वाटलं, तेवढं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. पण आमच्यात ती पद्धत नाही. मी म्हटलं, "नारळ फोडताय ना?"

दसरा झाला आणि पुजलेली कात्री ह्यांनी कामाला लावली. सल्ला दिला शेजारच्या भामाकाकूंनी. काकू इथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. आमची गल्ली ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांचं बाजरीचं रान होतं, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक झाडावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं, आणि ते चूकही नाही. कुंपणावर कोपरं टेकून त्या म्हणाल्या, "दिलीपराव, त्या गुलाबाचं पान मोजा. पाच पानाची फांदी कलमाची आसती. सात पानाची जंगली. ती ठिवायची न्हाई, समदं खत तीच खाती. माझ्या भाच्याच्या शेडमधी गुलाबच गुलाब हाय, तितं आसंच करत्यात."

मोजा! ह्यांना याहून गोड शब्द जगात दुसरा नव्हता. कलमी गुलाबाला ते तंतोतंत खरंही आहे. खालचा जंगली खुंट फुटतो आणि वरच्या कलमाला खाऊन टाकतो. पण माझं झाड कलमी नव्हतंच. ते मुळापासून शेंड्यापर्यंत एकच होतं, आणि जन्मापासून सात पानांचं. हे ह्यांना माहीत नव्हतं, काकूंना माहीत नव्हतं, आणि ज्या बाईला माहीत होतं ती तेव्हा शाळेत परीक्षेवर सुपरव्हिजन करत होती.

मी घरी आले तेव्हा झुडपाच्या जागी चार खुंट होते. ह्यांनी एकेका फांदीची पानं इमानदारीने मोजली होती. सगळ्या सात पानांच्या. सगळ्या बाद. टोकांना हळद लावलेली, फांद्या एका लांबीच्या करून सुतळीने बांधलेल्या, खाली झाडून घेतलेलं. इतका स्वच्छ खून मी पाहिला नव्हता. "पूर्णच जंगली झालं होतं ते," हे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी कामावरून आलेल्या माणसासारखा दिसत होता. तो चेहरा बघून मी भांडण गिळलं. म्हटलं, झुडूप चिवट आहे, मुळातून येईल. चार दिवसांत लालसर कोंब दिसतील.

आले नाहीत. आठवडा गेला. रोज शाळेतून आल्यावर चपला न काढता मी आधी तिथे वाकून बघायची. नुसती माती. दापोडीच्या दारातलं झाड गेलं, वडील दुसऱ्यांदा गेले, असं काहीतरी मनात यायचं आणि ते मी झटकून टाकायची. ह्यांच्याशी बोलणं कमी कमी होत गेलं. वसुबारस जवळ येत होती आणि घरात फक्त मिक्सर बोलत होता.

मग एक सुट्टीचा दिवस. सकाळी मी खिडकीशी पोहे निवडत बसले होते. हे अंगणात गेले, गुलाबापाशी उकिडवे बसले, चष्मा सारखा केला आणि मातीतून काहीतरी नखाने खुडून पिशवीत टाकलं. मग आणखी एक. पोह्यांचं ताट तसंच ठेवून मी धावले. पिशवीत पाहिलं तर कोंब. तांबडे, लुसलुशीत, करंगळीएवढे कोंब.

"काय करताय तुम्ही?"

"जंगली येतंय खालून. रोज काढायलो मी."

"रोज?"

"सकाळी. तू गेल्यावर. आज सुट्टी आहे म्हणून दिसलं तुला."

झाड रोज उठत होतं, आणि हा सज्जन माणूस रोज नेमाने, झाडाचं भलं व्हावं म्हणून, त्याला खुडत होता. मग मात्र माझा बांध फुटला. "अहो, ते जंगली नाही! तेच झाड आहे! त्याला वरचं-खालचं काही नाही, मी फांदी लावलीय ती! मला विचारलंत का एकदा तरी? कधी कशात विचारलंत का?"

भामाकाकू कुंपणापाशी आल्या होत्या, त्या हळूच मागे सरकल्या. हे पिशवीतल्या कोंबांकडे बघत राहिले. "मला वाटलं मी त्याला वाचवायलोय," एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी ते कोंब परत मातीवर ठेवले. ते काही लागणार नव्हते, पण ठेवले, एकेक करून.

आता लिहिताना माझा तो आवाज कानात येतो तेव्हा मला कळत नाही, की त्या दिवशी मी कुणासाठी ओरडले. झाडासाठी असेलही. यंदाही छाटणी मीच केली. कोंब निघालेत. लाल गुलाबाचं नवं पान हिरवं नसतं, तांबूस असतं, आणि उन्हात आरपार दिसतं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहते आणि तरी आत काहीतरी चुळबुळतच असतं.

वसुबारसेचा दिवस उजाडला. हे लवकर उठले, कंपनीचा शर्ट घातला, बूट घातले. आदल्या दिवसापर्यंत मला विचारलं नव्हतं. मी डबा करू का, म्हटलं. नको म्हणाले, फक्त सांगून परत यायचंय. काय सांगून, ते नाही. फाटक लागल्याचा आवाज आला आणि मी ओट्याशी उभी राहून दात-ओठ खात कणीक तिंबली. झालं. नाहीच विचारलं.

थोड्या वेळाने फाटक परत वाजलं. हे दारात उभे.

"बस गेली," म्हणाले.

"अशी कशी गेली?"

उंबऱ्याच्या आत आले नाहीत. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "तुला काय वाटतं? जाऊ का नको?"

ज्यासाठी महिनाभर मी जीव टांगून घेतला होता तो प्रश्न असा समोर येऊन उभा राहिला, आणि माझ्या हाताला कणीक लागलेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला पाटावर ठेवलेलं व्हर्निअर आठवलं, गळत नसलेले नळ आठवले. हा माणूस घरी बसला तर झुरून जाईल असं मला वाटलं. आणि हेही वाटलं, की ह्यांचं ठरलेलंच आहे, जायचंच आहे, फक्त माझ्या तोंडून होकार हवाय. जायचं नसतं तर बस चुकली म्हणून इतकं तोंड उतरलं असतं का?

"जा," मी म्हटलं. "इकडचं मी बघते. आणि असे उभे काय राहिलात? बसा मागे!"

कणकेच्या हातानेच मी स्कूटर काढली. रहाटणी ते काळेवाडी, सकाळची सगळी वर्दळ, भाजीच्या गाड्या, शाळेच्या व्हॅन, पणत्या-रांगोळ्यांची दुकानं रस्त्यावर आलेली. आयुष्यात तशी गाडी मी चालवली नाही. हे मागे पिशवी छातीशी धरून. काळेवाडीच्या पुलाअलीकडे कंपनीची बस दिसली. मी स्कूटर आडवी घालून हॉर्न वाजवत तिला थांबवलं. हे उतरले, बसमध्ये चढले, खिडकीतून मला दिसेनासे झाले. मला तर जिंकल्यासारखं वाटलं. बस पकडून दिल्याची ही गोष्ट मी शिक्षकखोलीत कितीतरी वेळा रंगवून सांगितली आहे. सगळ्या हसतात. "तुझ्यासारखी बायको पाहिजे," म्हणतात.

भाऊबीज करून हे गेले. मार्गशीर्षात गुलाब घोसांनी लहडला, त्याचा फोटो मी पाठवला. 'चालेल,' असं उत्तर आलं. आता दिवाळीला येतात, चार दिवस राहतात. येताना माझ्यासाठी आणि मुक्तासाठी काहीतरी आणतात, आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे विचारतात, की टॉवेल कुठला घेऊ.

रविवारी सकाळी त्यांचा फोन असतो. परवाच्या रविवारी मी छाटणीचं सांगितलं, ह्यांनी तिकडच्या पाण्याचं सांगितलं, बोलणं संपलं आणि दोघांनीही फोन ठेवला नाही. तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं का विचारलं नव्हतं, मला माहीत नाही.

"अहो, त्या दिवशी मी नको म्हटलं असतं तर?"

पलीकडे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. गॅस बारीक केल्याचा आवाज आला. ते परत फोनवर आले तेव्हा मला वाटलं, विषय बदलतील.

"बस चुकली नव्हती माझी," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"समोर येऊन थांबली होती. ड्रायव्हर दार उघडून वाट बघायलता. मीच चढलो नाही. म्हटलं, घरी जावं, तुला विचारावं."

ते थोडं हसल्यासारखे झाले आणि म्हणाले, "तू लई जोरात चालवलीस गं त्या दिवशी."